काकू, तो एक चौकोन फिरवलात त्याबद्दल

ती. काकूंस,

गोधडी पूर्ण झाल्यावर लिहायचं ठरलं होतं, पण वरचा थर जोडून झाला आणि राहवेना.

चौकोन कसे मांडायचे, हे तुमच्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी हात झटकले. फी भरून लावलेल्या क्लासमध्ये उत्तर मिळालं, "तुमच्या आवडीप्रमाणे लावा." रविवार पेठेतल्या एका दुकानात ऐकायला मिळालं, "मोबाइलवर बघा ना मॅडम, हजार डिझाइनं आहेत." हजारच? निम्मा गडद, निम्मा फिका असा तिरका जोडलेला चौकोन चार दिशांना ठेवता येतो. असे नुसते 16 घेतले तरी मांडणीचे प्रकार 429 कोटींच्या वर जातात. एवढ्यातून आवडीप्रमाणे निवडा म्हणजे मंडईत नेऊन उभं करायचं आणि म्हणायचं, घ्या भाजी.

तुम्ही डिझाइनचं नावही काढलं नाहीत. विचारलंत, "यातलं फिकं कुठलं?" आणि मोबाइलवर काळापांढरा फोटो काढायला लावलात. राणी आणि पोपटी हे डोळ्यांना एकमेकांशी भांडणारे रंग फोटोत एकाच करड्या छटेचे निघाले. दोन पावलं मागे गेलं की त्या चौकोनांमधली तिरकी रेघच गायब! मांडणी रंगावर नाही, गडद-फिक्यावर उभी राहते, हे त्या एका फोटोत कळतं. असे मिचमिचे चौकोन टाकायचे नाहीत, कडेला न्यायचे, म्हणजे नक्षी बाहेरच्या बाजूला हळूहळू विरत जाते, हेही तुमचंच.

पण आभार खरे पुढच्या गोष्टीचे. "हात लावू का?" असं विचारून तुम्ही एकच चौकोन पाव फेरा फिरवलात. शेजारचे तीन आधीच त्या चालीत पडलेले होते, चौथा फिरला आणि भिंगरी झाली. सगळ्यांना दिसली एवढी खात्री करून तुम्ही तो चौकोन परत होता तसा ठेवलात. बोलला काहीच नाहीत. हाताशी आलेली भिंगरी मोडून निवड दुसऱ्यावर सोडणारी माणसं फार नसतात. ज्यांना येतं त्यांना बहुधा आपलंच करून दाखवायची घाई असते, आणि ज्यांना येत नाही ते "आवडीप्रमाणे" म्हणतात.

मग भिंगरी का नको, तेही विचारल्यावरच सांगितलंत. 14 बाय 20 च्या मांडणीत 70 भिंगऱ्या होतात, आणि प्रत्येकीच्या मध्यावर चार तिरक्या शिवणी एकत्र येतात. तिथे कापडाची गाठ बसते आणि हाताने धावदोरा घालताना सुई अडते. मशीनवर शिवायचं असेल आणि शिवण उघडी दाबली असेल, म्हणजे मागची दोन्ही कापडं दोन बाजूंना पसरून इस्त्री केली असेल, तर चालून जातं. त्याउलट, एकात एक शंकरपाळ्या दिसणाऱ्या मांडणीत कुठल्याही कोपऱ्यावर दोनापेक्षा जास्त तिरक्या शिवणी येत नाहीत. त्यासाठी आडवे-उभे दोन्हीकडे सम संख्या लागते, नाहीतर नक्षीचा मध्य जोडावर न पडता चौकोनाच्या पोटात पडतो. शिवाय तिरक्या रांगांमध्ये एकाआड एक रांग उलटी धरावी लागते. सगळे चौकोन एकाच तोंडाने ठेवले तर सलग पट्टा न होता करवतीचे दात दिसतात.

मापांबद्दल तुम्ही कडक होतात, ते बरं झालं. दहा इंची दोन चौकोन समोरासमोर ठेवून दोन्ही कर्णांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अंतरावर शिवण, मग मधोमध उभा-आडवा आणि कर्णांवर काप, की आठ नग. ते साडेचार इंचांवर छाटायचे, शिवल्यावर चार उरतात. ही छाटणी आळसाने टाळली जाते. जोडताना शिवण अर्धा सूत जाड बसली तर दोन्हीकडचं मिळून एक सूत जातं. 14 च्या ओळीत 13 जोड, म्हणजे ओळ दीड इंचाहून जास्त आखूड आणि सगळी टोकं बोथट. इस्त्रीही फिरवायची नाही, उचलून ठेवायची, कारण तिरकी कड ताणली की चौकोन पतंगासारखा होतो. खणाच्या बुट्ट्या चार दिशांना तोंडं करतात म्हणून तो वगळायला सांगितलात, तेवढं मात्र ऐकलं नाही. आडव्या बुट्ट्या छान दिसताहेत.

मांडलेले चौकोन उचलण्याआधी प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला नंबर आणि बाणाची चिठ्ठी टाचणीने लावली, पंखा बंद ठेवला, ओळी फोटोशी ताडून शिवल्या. एकही चौकोन उलटा गेला नाही.

सोळा चौकोन जास्तीचे होते. त्यांच्या चार भिंगऱ्या करून 16 इंची अभ्रा शिवलाय, तो तुमचा. मधल्या शिवणी उघड्या दाबल्यात. तरी गालाला टोचल्या तर सांगा, उसवून परत दाबून देऊ.

आपल्या,
सोसायटीच्या हॉलमधल्या गोधडीवाल्या
कोथरूड, पुणे