कदंबाबद्दल तुलाच विचारायचे आहे

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे सर्व ठीक आहे. माझा रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात आहे, नीलाचा खांदा पूर्वीपेक्षा बरा आहे आणि आईला ऐकू कमी येते, ते तुला माहीतच आहे. एवढ्यावर घरची खबरबात आटोपती घेतो, कारण लिहायला बसलो आहे तो आमच्या कदंबासाठी, म्हणजे या काटेरी अंगाच्या छोट्या हेजहॉगसाठी, आणि हे तुझ्याखेरीज कोणाला लिहावे असे मला वाटत नाही. तू पाळलेल्या राणीच्या शेवटच्या महिन्यांत तू कशातून गेलास ते मी जवळून पाहिले आहे.

परवा रात्री नीलाच्या हातून स्टीलची ताटली निसटली. कदंब तेव्हा खोक्याबाहेर, जमिनीवर अंथरलेल्या फ्लीसच्या मऊ कापडावर होता. अचानक आवाज झाला की तो काय करतो हे तू पाहिले आहेस: पाठीच्या कडेने फिरणारा गोल स्नायू नाडीच्या पिशवीसारखा आवळला जातो, डोके, पाय, पोट सगळे आत जाते आणि बाहेर नुसते काटे उरतात. परवाही त्याने तेच करायला घेतले. कपाळावरचे काटे डोळ्यांवर उतरले, पुढचे पाय आत गेले, पाठ थरथरली, पण कमरेमागचा भाग जागचा हललाच नाही. मागचे दोन्ही पाय एका बाजूला पसरलेले, त्यांचे गुलाबी तळवे उघडे, पांढऱ्या पोटाची एक कड उघडी, आणि पुढचा अर्धा कदंब जिवाच्या आकांताने फुसफुसत असलेला. जो भाग त्याला झाकता येत नव्हता, त्यावर मी तळहात धरला आणि फुसफुस थांबेपर्यंत तसाच बसून राहिलो. सुधाकर, या प्राण्याजवळ स्वतःच्या रक्षणाचा एवढा एकच उपाय आहे. त्याला पळून निसटता येत नाही, दिसते अंधुक, चावण्याचा त्याचा स्वभाव नाही. तो उपायच गेला हे मी डोळ्यांनी पाहिले, आणि तेव्हापासून दुसरे काही सुचत नाही.

त्याचे चालणे हिवाळ्यापासून बिघडले होते. वळताना मागचा भाग एका बाजूला कलायचा. पहिला संशय थंडीचा आला, कारण या आफ्रिकी जातीला साधारण 24 ते 29 अंशांची ऊब लागते आणि तापमान 20 च्या खाली गेले की शरीर शीतनिद्रेकडे झुकू लागते, पोट गार पडते, चाल डळमळते. तसे असते तर ऊब मिळताच तो सावरला असता. खोक्याला हीट पॅड होता, थर्मोस्टॅट होता, पोटही गरम होते. चाल मात्र डळमळतच राहिली. मग नखे पाहिली, कारण म्हातारपणी ती झिजत नाहीत आणि वळून तळव्यात रुततात. पायाला केस किंवा दोरा आवळला आहे का तेही पाहिले. शेवटी एक्स-रे काढला. कमरेच्या मणक्यांमधल्या जागा अरुंद झाल्या आहेत आणि कडांना हाड वाढले आहे. डॉक्टर म्हणाले, वयाने एवढी झीज व्हायचीच, पण पायांतली शक्ती केवळ त्यानेच गेली असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. हेजहॉगना मज्जासंस्थेचा एक रोग होतो. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे आवरण झडत जाते, मागच्या पायांपासून सुरू झालेला लुळेपणा हळूहळू पुढे सरकतो, आणि त्यावर औषध नाही. तो बहुधा दोन वर्षांच्या आतबाहेर सुरू होतो, म्हणून पाच वर्षे ओलांडलेल्या कदंबाला तो असण्याचा संभव कमी; पण उतारवयातही तो झालेला आहे. खात्रीचे निदान मृत्यूनंतर, मेंदूचा आणि मज्जारज्जूचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते. म्हणजे जे मला आज कळायला हवे ते कळेल तेव्हा त्याचा उपयोग उरलेला नसेल. मणक्यात गाठ असण्याचीही शक्यता आहेच, कारण या जातीत तिसऱ्या वर्षानंतर गाठींचे प्रमाण फार आहे.

मागच्या खेपांना तपासणीसाठी त्याला गॅसची भूल द्यावी लागे, कारण शुद्धीत असताना तो कोणाला पोट दाखवत नसे. या खेपेला डॉक्टरांनी त्याला सरळ तळहातावर उताणे धरले, पाय ताणून पाहिले, बोटांमध्ये चिमटा घेऊन संवेदना पाहिली. भुलीची गरज लागली नाही. हे त्यांनी चांगल्या अर्थाने सांगितले आणि मला ते ऐकवेना.

त्याची सेवा आता कशी चालते ते सांगतो, म्हणजे तुला अंदाज येईल. खोक्याचा वरचा मजला काढून टाकला आहे. लाकडाचा भुसा काढून त्याजागी फ्लीस घातले आहे, कारण भुशात पाय ओढताना पोटाची कातडी सोलवटत होती; फ्लीसचे धागेही रोज तपासावे लागतात, एखादा सुटा धागा पायाला गुंडाळला की पाऊल सुजते. पाण्याची नळी काढून उथळ, जड बशी ठेवली आहे, तीत त्याची हनुवटी टेकते पण नाक बुडत नाही. मांजरांचे कोरडे खाद्य कोमट पाण्यात भिजवून, त्यात उकडलेली कोंबडी बारीक कुस्करून देतो. जेवताना तो बाजूला लवंडू नये म्हणून हातरुमालाच्या दोन घट्ट गुंडाळ्या त्याच्या कुशींना लावतो. तेव्हा तो मान वर करून असा काही जेवतो की अण्णा त्याला लोडाला टेकलेले सरदार म्हणतात. लघवी अंगाखालीच होते, त्यामुळे दर काही तासांनी कापड बदलायचे, कोमट पाण्याने पोट पुसायचे, पूर्ण कोरडे करायचे आणि कूस बदलायची. नाहीतर एकाच बाजूवर पडून जखमा होतात. डाव्या मांडीवर एक लाल चट्टा उठला होता, तो बसला. रात्रीची पाळी माझी, पहाटेची नीलाची. आईला काही ऐकू येत नाही, पण तो खोक्यात खसफसला की तिला कसे कोण जाणे कळते आणि ती मला हाक मारते.

आणि त्याचे पळण्याचे चाक काढले. तुला वासूच्या गच्चीवरचे आपले भांडण आठवत असेल. रात्रभर किडे हुंगत मैलच्या मैल हिंडणारा प्राणी खोक्यात ठेवून त्याला चाकावर पळवायचे, हे प्रेम नव्हे, असे तू म्हणाला होतास. त्यावर मी म्हणालो होतो की त्याच्या कित्येक पिढ्या माणसांच्या घरांत जन्मल्या, बाहेर सोडला तर तो आठवडाभरही जगणार नाही, आणि तुझ्या राणीने तरी कोणते रान पाहिले होते. त्यावर तू जेवण टाकून उठलास आणि वहिनींनी आपल्या दोघांनाही झापले. ते भांडण मी आजही सोडलेले नाही. पण चाक काढताना तुझेच वाक्य आठवले. मागचे पाय अडकून मोडण्याचा धोका होता, म्हणून ते काढावेच लागले. रात्री ठरल्या वेळी तो पुढच्या पायांनी स्वतःला ओढत त्या कोपऱ्यापर्यंत जातो, हुंगतो आणि थोड्या वेळाने परततो. चाकाचा आवाज होऊन झोप लागत नाही म्हणून तू माझ्याशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अबोला धरला होतास. आता या घरात रात्री इतकी शांतता असते की मला झोप लागत नाही.

आता खरी चिंता सांगतो. डॉक्टरांनी त्याला इंजेक्शन देऊन कायमचे झोपवण्याचा विषय काढला. घाई केली नाही, आग्रह धरला नाही. एवढेच म्हणाले की वेळ आली असे वाटले तर उशीर करू नका. वेळ आली हे ओळखायचे कशावरून, असे विचारले तेव्हा त्यांनी मोजता येण्याजोग्या गोष्टी सांगितल्या: स्वतःहून खातो का, वजन टिकते का, जखमा होतात का, श्वास कसा आहे, रात्री बाहेर येण्याची इच्छा आहे का. हे सगळे मी लिहून ठेवतो. धडधाकट असताना तो 460 ग्रॅम होता, सध्या 395 च्या आसपास आहे, आणि वेदनाशामक द्रव सुरू केल्यापासून तिथेच टिकून आहे. खातो. रात्री बाहेर येतो. कागदावर पाहिले तर वेळ आलेली नाही. पण या प्राण्यांची जात दुखणे लपवणारी आहे, तो विव्हळत नाही, लंगडतानाही चेहरा तोच. औषधाने त्याची भूक वाढली याचा अर्थ आधीचे महिने त्याला दुखतच होते असा होतो, आणि आताही किती दुखत असेल याचे माप माझ्याजवळ नाही. नीला म्हणते, जोवर तो जेवणाच्या वासाने नाक वर करतो तोवर आपण हा विषय काढायचा नाही. अण्णा म्हणतात, ज्याला अंग झाकता येत नाही त्याला भीतीत ठेवणे बरोबर नाही. दोघांचेही म्हणणे ऐकताना मला पटते, आणि रात्री एकटा बसलो की दोन्ही पटत नाहीत.

यात काल आणखी एक घडले. तू विसरून गेलेला मफलर नीलाने धुण्याआधी खुर्चीवर टाकला होता, त्याचे टोक खाली लोंबत होते. कदंब तिथवर सरपटत गेला, हुंगला, मग ते टोक चावू लागला. तोंडाला फेस आला. नव्या, तीव्र वासाने ते असे करतात. तो फेस जिभेने स्वतःच्या काट्यांवर लावतात. त्यासाठी मान पार मागे वळवावी लागते, पुढचे पाय ताठ रोवावे लागतात. त्याने मान वळवली आणि कुशीवर पडला. मी उचलायला पुढे झालो, नीलाने हात धरला. पडल्या पडल्याच त्याने जीभ बाहेर काढून खांद्यावरच्या काट्यांना फेस फासला, पोचेल तेवढ्या जागेवर, अगदी मन लावून. कित्येक महिन्यांत त्याने हे केले नव्हते. तुझ्या मफलरात नेमके काय आहे याची चौकशी करावी असे नीलाचे म्हणणे आहे. मफलर आता तुला परत मिळणार नाही. ताटलीच्या रात्री मी मनाशी जवळजवळ ठरवले होते, ते काल मोडले, आणि आज पुन्हा सकाळी तो लवंडलेला सापडला तेव्हा कालचेही डळमळले.

म्हणून तुला विचारतो. राणीच्या वेळी तुझे कोणत्या दिवशी ठरले, आणि त्या दिवशी असे काय दिसले जे आदल्या दिवशी नव्हते? दादा तेव्हा म्हणाले की तू घाई केलीस, मी म्हणालो की नाही केलीस, आणि तू दोघांनाही उत्तर दिले नाहीस. मी तेव्हा विचारले नाही, कारण विचारण्यासारखे तुझे तोंड नव्हते. आता विचारतो आहे. मला सल्ला नको, काय दिसले तेवढे हवे.

तुझी बदली झाल्याचे वासूकडून कळले. नवी जागा मानवली का? वहिनींच्या गुडघ्याचे काय ठरले ते कळव, आणि चिमीला परीक्षेसाठी माझा आशीर्वाद सांग. तिचे पत्र मिळाले, उत्तर वेगळे लिहीन.

राणीचे खाणेपिणे, औषधे, रात्रीचे जागणे, सगळे तू एका निळ्या वहीत लिहीत होतास. ती ठेवली असशील तर शेवटच्या दोन महिन्यांच्या पानांचे फोटो काढून पाठव. अक्षर मला लागते. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावले आहे, त्याआधी मिळाली तर बरे होईल.

तुझा,
अरविंद