तिचं ताट आपल्याच पंगतीला असेल

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज चढतो, बाबा घाईने फोन घेऊन पावसापाण्याचं विचारतात आणि आईचं बीपी आठवून मीही गप्प बसते. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. मागच्या खोलीत राहणाऱ्या तृतीयपंथी मुलीला आम्ही दुसरीकडे पाठवणार नाही. ह्यांच्याशी आणि मुलांशी बोलून हे ठरलं आहे. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तुम्ही याल, तेव्हाही ती इथेच असेल.

आधी तुमच्या सोयीचं सांगते. तुमची खोली आहे तशीच आहे. पूर्वेची खिडकी, आईची उंच खुर्ची, बाबांचा रेडिओ, काहीही हललेलं नाही. संडासात धरायला दांडा बसवून घेतला आहे. पलंगाशेजारी दिव्याचं बटण घेतलं आहे, म्हणजे रात्री अंधारात चाचपडायला नको. बाबांची आंघोळ साडेसहाला म्हणजे साडेसहालाच होईल. ती मुलगी आठला लॅबमध्ये कामाला जाते, ती दिवेलागणीलाच येते. शेजारीपाजारी सगळ्यांना माहीत आहे, कुणी दारात येऊन काही बोललेलं नाही.

आई, तू म्हणालीस, मदत कर, हवं तर भाडं भर, कुठेतरी खोली बघून दे, पण आपल्या घरात, आपल्या स्वयंपाकघरात कशाला? तू हे काळजीने म्हणालीस, मनात काही वाईट धरून नाही, हे मला ठाऊक आहे. पण पहिल्या संध्याकाळी काय झालं ते ऐक. जेवण झाल्यावर तिने आपलं ताट, वाटी, पेला घासला आणि आपल्या मांडणीत न लावता खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा उपडा घातला. कुणी सांगितलं नव्हतं. तृतीयपंथी म्हणून स्वतःच्या घरात तिला तीच सवय लावली होती. मी ती भांडी उचलून आपल्या भांड्यांत लावली. ती काही बोलली नाही, मीही नाही.

बाबा, तुम्ही संडे स्कूलमध्ये बायबलातल्या सुवार्तिक फिलिप्पाची गोष्ट किती रंगवून सांगायचात! यरुशलेमेहून गज्जाकडे जाणारी ती ओसाड वाट, रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचणारा कांदके राणीचा खजिनदार, आणि त्याच्या रथात चढून बसलेला फिलिप्प. तो खजिनदार षंढ होता, हे तेव्हा तुम्ही आम्हा पोरांना सांगितलं नाहीत, आमच्या वयाला ते बरोबरच होतं. पण जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 23व्या अध्यायाप्रमाणे अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. एवढ्या लांबून उपासनेला येऊन तो परत निघाला होता. रस्त्यात पाणी दिसलं आणि त्याने विचारलं, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? फिलिप्पाकडे हरकतींची यादी तयार असायला हवी होती, शास्त्रातलीच. पण फिलिप्प रथातून उतरला आणि त्याच्याबरोबर पाण्यात गेला. यशयाच्याच 56व्या अध्यायात षंढांना देवाच्या घरात जागा आणि नाव देण्याचं वचन आहे, ते तुमच्या पवित्र शास्त्रात पेन्सिलीने अधोरेखित केलेलं मी पाहिलं आहे.

आणि येशूचा शिष्य पेत्र, त्याला दर्शनात दिसलेली ती जनावरांनी भरलेली, आकाशातून उतरणारी चादर! तुम्ही जुन्या पलंगपोसात कागदाची जनावरं घालून ती वरून खाली सोडायचात आणि डुक्कर दिसलं की मी घाबरून तुमच्या मांडीवर चढायचे. आता तोच भाग वाचताना माझं लक्ष दुसरीकडे जातं. यापोला पेत्र शिमोन चांभाराच्या घरी उतरला होता. कर्नेल्य या रोमी शताधिपतीची माणसं दारात आली तेव्हा त्याने त्यांना आत घेऊन मुक्कामाला ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर कैसरियाला गेला. यरुशलेमेत परतल्यावर त्याच्यावर ठपका काय आला? त्या शताधिपतीला बाप्तिस्मा का दिलास, असं कुणी विचारलं नाही. तू सुंता न झालेल्यांकडे, म्हणजे यहूदी नसलेल्यांकडे जाऊन त्यांच्याबरोबर जेवलास, हा ठपका होता.

भांडण पंगतीचंच होतं, आई. अंत्युखिया शहरात हाच पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमेच्या मंडळीतल्या याकोबाकडची माणसं आली आणि तो मागे सरला, लोकांच्या भीतीने. त्याच्यामागून बाकीचे यहूदी सरले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा सरला. प्रेषित पौलाने सगळ्यांसमोर त्याला तोंडावर सुनावलं. पेत्राने काय उत्तर दिलं, ते पौल लिहीत नाही. पण लोक काय म्हणतील या भीतीने पेत्रासारखा माणूस ताटावरून उठला असेल, तर तुम्हाला तसं वाटलं यात मी तुम्हाला कसा दोष देऊ? इ.स. 49च्या सुमारास यरुशलेमेच्या सभेत ठरलं की परराष्ट्रीयांवर सुंतेचं ओझं लादायचं नाही. तेही पुष्कळ वादविवादानंतरच.

ओळखपाळख नसताना कुणाला घरात घ्यायचं का, ही बाबांची शंका रास्त आहे. त्या पहिल्या ख्रिस्ती मंडळ्याही डोळे झाकून दार उघडत नव्हत्या. डिडाखे नावाच्या फार जुन्या ग्रंथात नियम आहे की प्रभूच्या नावाने येईल त्याला घ्या, मग त्याची पारख करा. वाटसरू असेल तर दोन, फार तर तीन दिवस ठेवा. राहायचं म्हणत असेल आणि हाताला कसब असेल, तर त्याने काम करावं आणि जेवावं. आम्हीही चौकशी केली, तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊन आलो. ती घरखर्चाला पैसे देते, आम्ही ते घेतो.

बाहेरच्यांना हे दिसत होतं. रोमी सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्माचा विरोधक. त्याने 362च्या सुमारास आपल्या पुरोहिताला चिडून लिहिलं की हे गालीली लोक, म्हणजे ख्रिस्ती, आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाची ही तक्रार मला फार मोठी साक्ष वाटते.

बाबा, एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. तुमची आजी छप्पन्नच्या, म्हणजे 1899-1900च्या, दुष्काळात गुजरातेतून केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आली. तिचं गाव, जात, आईबाप, कुणाला काही ठाऊक नव्हतं. रमाबाईंनी तिला आत घेतलं आणि सगळ्या मुलींबरोबर जेवायला बसवलं. आपलं घर तिथून सुरू झालं.

आता ऐका. बाबांनी स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, शेजारच्या पोराला हाक मारा. आईने बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही आणि लोणचं एक फोड, दोन नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेले डोळ्यांचे थेंब हात धुऊनच घालायचे. साखरेचा रिपोर्ट आणि ईसीजी जुन्या फाइलसकट आणा, त्याशिवाय ऑपरेशनची तारीख मिळणार नाही. एसटीने यायचं नाही, हे गाडी घेऊन येतील. आई, येताना तुझ्या हातची शेंगदाण्याची चटणी आण, तिखट बेताचं घाल. तिलाही आवडते.

तुमची लाडकी,
माई

ता. क. बाबांच्या जुन्या चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद कपाटाच्या डाव्या खणात आहे, तोही फाइलमध्ये ठेवा.