ओत बुजवले, पाणी जाणार कुठे?

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की सांगलीत पुराची चर्चा कृष्णेवरच्या, कर्नाटकातील अलमट्टी धरणापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. त्या धरणाची उंची वाढवण्यास माझाही विरोध आहे. मात्र 2019 च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने नदीकाठच्या अतिक्रमणांवर जे बोट ठेवले, त्याविषयी आपण सोयीस्कर मौन पाळतो.

आमच्या घरामागे ओत होता. कृष्णा चढू लागली की तिचे पाणी या सखल जागेतून उलटे आत येई, मळ्यांत पसरे आणि नदी उतरली की आल्या वाटेने परत जाई. पुढे त्यात मुरूम पडला, प्लॉट पाडले गेले आणि ओढ्याच्या जागी दोन फुटी सिमेंटचा नळ आला. 2005 मध्ये पायरीला टेकलेले पाणी 2019 मध्ये खिडकीवर गेले. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळची पातळी 57 फुटांच्या पुढे गेली होती, म्हणून सारा दोष मी भरावाला देणार नाही; पण नदी पात्रात गेल्यावरही गल्लीत चार दिवस पाणी तुंबले, ते त्या नळामुळेच.

वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यात, रस्ते आणि बंगल्यांसाठी डोंगरउतार कापले जात आहेत. उघड्या उतारावर पाणी मुरत नाही. ते माती घेऊन लवकर नदीला मिळते. कराडला कोयना आणि हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, आणि सगळ्यांचा लोंढा एकाच वेळी आला तर सांगलीला उसंत मिळत नाही. अर्थात आठवडाभर संततधार लागून जमीन तुडुंब झाली की घनदाट जंगलही महापूर थोपवू शकत नाही. अशा वेळी उपयोगी पडते ती पाण्याला पसरायला राखलेली जागाच, आणि तीच आपण विकत आहोत.

पूररेषांपैकी निळी रेषा 25 वर्षांतून एकदा आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखली जाते. हा हिशेब मागील पुरांवर बेतलेला असतो. उद्या होणारे भराव, काँक्रीट आणि कापलेले डोंगर त्यात येत नाहीत. 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर सोसलेल्या शहराच्या पूररेषा आखताना वीस वर्षांनंतरचा जमीनवापर गृहीत धरावा आणि पूरपट्ट्यातील रस्ता उंच करायचाच असेल, तर पुरेशा मोऱ्यांशिवाय त्याला मंजुरी देऊ नये. उरलेले ओत सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहेत, हेही पालिकेने एकदा जाहीर करावे.

— एक पूरग्रस्त वाचक, सांगली