डाव्या हाताचं अक्षर

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पैसे पोचले. फोनचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसले आहे.

बाबांचा उजवा पाय आता जरा टेकतो. हात अजून झोळीतच. शब्द मात्र एकच उरलाय, "बरं". पाणी हवं तरी बरं, राग आला तरी बरं. डॉक्टर म्हणाले, गुठळी मेंदूच्या डाव्या अर्ध्यात अडकली. उजवं अंग तोच चालवतो आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते, म्हणून दोन्ही एकदमच गेलं. स्पीच थेरपीच्या बाईंनी पॅरिसच्या एका रुग्णाची गोष्ट सांगितली. एकवीस वर्षं दवाखान्यात होता, बोलायचा फक्त "तान". १८६१ साली तो गेल्यावर डॉ. ब्रोकांनी मेंदू पाहिला, तर इजा डावीकडे, पुढच्या भागात. पण लोकांचं बोलणं त्याला कळायचं. बाबांनाही कळतं रे. तुझा फोन आला की माझ्या तोंडाकडे बघत बसतात, आणि मी "हो, बरे आहेत" म्हणून ठेवून देते.

काढलाच विषय. असू दे.

परवा बाईंनी तालावर "बे एके बे" सुरू केलं आणि बाबा पुढे सुटले ते थेट "बे दाहे वीस"! छत्तीस वर्षं वर्गात घेतलेले पाढे. मी पदर तोंडाला लावून आत गेले. बाई म्हणाल्या, घोकून पाठ झालेलं शाबूत राहतं कधी कधी, आणि सुरासाठी मेंदूचा उजवा भागही कामाला येतो. मी विचारलं, मग सगळंच बोलणं त्या बाजूला नाही का शिकवता येणार? तर म्हणाल्या, तान्ह्या बाळाला जमतं. जन्माच्या सुमारास डाव्या मेंदूला इजा झाली तर त्याची भाषा उजवीकडे घर करते आणि मोठेपणी ते मूल नीट वाक्यं बोलतं. लहानपणी भाषेसाठी दोन्ही अर्धे राबत असतात, वाढत्या वयात ती डावीकडे स्थिरावते. एकाहत्तराव्या वर्षी तसं घर बदलता येत नाही, थोडंथोडं परत येतं. किती, ते कुणी सांगत नाही. मीही विचारायचं सोडलंय.

तुला वाटतं ते माझ्या लक्षात आलंय. दिवाळीत बाबांनी तुझ्या छकुलीच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात दिली, तू ताटावरून उठलास, आणि पौषात हे झालं. बाळा, भांडणाने नाही झालं. त्यांनी बीपीच्या गोळ्या चार महिने बंद ठेवल्या होत्या, मला न सांगता. तूही बीपी मोजत जा, चाळिशी उलटली, रात्री दोनला जेवतोस, लोणचं कमी कर... उपदेश सुरू झाला बघ. क्षमा कर.

तुझ्याबाबतीत चुकलंच. तिसरीत तुझ्या बोटांवर पट्टी बसायची आणि मी स्वयंपाकघरातून ऐकायची. मध्ये पडले नाही. तरी तू दोन्ही हातांनी लिहायला शिकलास, इंजिनिअर झालास. बाबा शाळेत सगळ्यांना सांगत फिरले होते, तुला कधी बोलले नसतील. डावखुऱ्यांतही शंभरात सत्तरेकांची भाषा डावीकडेच असते म्हणे. म्हणजे हात बदलून तुझं काय भलं होणार होतं, देव जाणे. छकुलीला तिच्याच हाताने लिहू दे.

आता बाबाच डाव्या हातात पेन्सिल धरतात, माझ्या जुन्या पाटीवर. ग, म, भ, न गिरवून झाले. "ळ" जमत नाही. चिडतात, पुसतात, पुन्हा काढतात. काल हात थांबवून भिंतीवरच्या तुझ्या मुंजीच्या फोटोकडे बोट केलं आणि "बरं" म्हणाले. दोनदा.

संध्याकाळी सातला चहा झाल्यावर ते ताजेतवाने असतात. तुला काही बोलायचं सुचलं नाही तर छकुलीला कॅमेऱ्यासमोर बसव. डाव्या हाताने "ळ" कसा काढायचा तो तिने आजोबांना दाखवायचा, सावकाश. पाटी मी धरीन.

तुझी,
आई