गृहनिर्माणमंत्री महोदय, अपिलाचे ते दुसरे 60 दिवस पाळले जाऊ द्या

मा. गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

महारेराचा, म्हणजे बिल्डरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, आदेश हातात पडला की ग्राहकाला वाटते, सुटलो. ताबा रखडल्याबद्दल बिल्डरने व्याज द्यायचे, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. मग अपिलाची नोटीस येते.

अपील करण्याला विरोध नाही. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम 44 नुसार आदेशाची प्रत मिळाल्यापासून 60 दिवसांत बिल्डर अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, तसाच नाराज ग्राहकही जाऊ शकतो. पण त्याच कलमात 60 दिवसांची दुसरी मुदत आहे. दाखल झालेले अपील तेवढ्या काळात निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा, आणि जमले नाही तर कारणे लेखी नोंदवायची. ही मुदत ग्राहकाच्या कामाची, आणि तिचाच विसर पडतो.

माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाचे बँक पासबुक मी पाहिले आहे. महिन्याच्या सुरुवातीला गृहकर्जाचा हप्ता वळता होतो, मागोमाग घरभाडे जाते. न मिळालेल्या घराचे आणि राहत्या घराचे पैसे एकाच पगारातून. आदेश त्यांच्या बाजूचा आहे, तो फाइलला लावलेला आहे.

न्यायाधिकरणाच्या कामात आपण ढवळाढवळ करू नये, हे मान्यच. परंतु सदस्यांच्या नेमणुका शासन करते. कलम 43 प्रमाणे प्रत्येक पीठावर किमान एक न्यायिक आणि एक प्रशासकीय किंवा तांत्रिक सदस्य हवा. म्हणजे एक जागा रिकामी राहिली तरी सुनावणी अडू शकते. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त 5 वर्षे, वयोमर्यादा 65. कोण कधी निवृत्त होणार हे नेमणुकीच्या दिवशीच कळते, मग निवड प्रक्रिया जागा रिकामी होण्याची वाट का पाहते? ती सहा महिने आधी सुरू करा. हे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट पैशांची. ग्राहकाला द्यायची रक्कम व्याजासह जमा केल्याशिवाय बिल्डरचे अपील ऐकले जात नाही. ही अट सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये वैध ठरवली, आणि ती फार मोलाची आहे. पण जमा झालेला पैसा अपिलाचा निकाल लागेपर्यंत सहसा ग्राहकाच्या हाती येत नाही. त्यानंतरही उच्च न्यायालयात दुसऱ्या अपिलाची वाट मोकळी असतेच. 60 दिवस उलटूनही अपील प्रलंबित असेल, तर योग्य हमी घेऊन या रकमेतला काही भाग ग्राहकाला मिळावा, अशी तरतूद करण्यासाठी शासनाने पुढाकार घ्यावा. नियमात बसत असेल तर नियमात करा, कायदाच बदलावा लागणार असेल तर केंद्राकडे तसा प्रस्ताव पाठवा.

आणि मुदत उलटलेल्या प्रत्येक अपिलाचे लेखी कारण पक्षकाराला घरबसल्या ऑनलाइन वाचता यावे. त्यासाठी लागणारा निधी आणि कर्मचारी शासनाने न्यायाधिकरणाला द्यावेत.

या तिन्ही मागण्यांवर आपण काय करणार आहात, ते जाहीरपणे सांगावे ही विनंती.

आपला,
एक गृहखरेदीदार