काविळीचा माग कोण काढणार?

गावात काविळीची साथ आली की विहिरीत टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी) पावडर पडते, पाण्याचा नमुना तपासायला जातो. ‘पिण्यास योग्य’ असा अहवाल आला की तपास संपला! कोकणात आमच्या वाडीत हेच झाले. पण दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ‘ई’ या काविळीची लक्षणे लागण झाल्यापासून दिसायला २ ते १० आठवडे लागतात, आजचा नमुना तेव्हाचे पाणी कसे दाखवणार? लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी दारोदार चौकशी करूनच कॉलऱ्याचा माग ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापर्यंत नेला. आशाताईंना तर वाडीतले घर न् घर ठाऊक असते. कोणी दोन महिन्यांपूर्वी कुठले पाणी प्यायले, कुठल्या लग्नात जेवले, हे त्यांना सोबत घेऊन विचारा. सुट्टी संपवून मुंबईला परतलेल्या आम्हा चाकरमान्यांनाही विचारा.

– एक वाचक, लालबाग, मुंबई