तीळ पाहा, तळपायही पाहा

महोदय,

मास्टोसायटोसिस या दुर्मीळ आजारात मास्ट पेशी (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) त्वचेत, कधी अस्थिमज्जेतही वाढतात. अंगावर तपकिरी डाग येतात. डाग चोळला की तिथे गांध उठते. आपल्याकडे 'पित्त उठलंय' म्हणत आमसुलाचं पाणी लावलं की विषय संपतो! डेन्मार्कमधील रुग्णनोंदींच्या 2016च्या अभ्यासात सर्वांगी (त्वचेपलीकडे इतर अवयवांतही पसरलेला) मास्टोसायटोसिस असलेल्यांत मेलानोमा, म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग, जास्त आढळला. मेलानोमा त्वचेच्या रंगपेशींतून होतो आणि 'किट' हे जनुक मास्ट पेशी आणि रंगपेशी दोन्हींना लागते, तेव्हा मला याचे नवल वाटत नाही. नेमके कारण मात्र सिद्ध व्हायचे आहे. अशा रुग्णांचे तीळ त्वचारोगतज्ज्ञांनी नियमित तपासावेत, आणि चपला-मोजेही काढायला लावावेत. सावळ्या त्वचेत मेलानोमा अनेकदा तळपायावर नाहीतर नखाखाली निघतो.

– एक वाचक, पुणे